आयएसओ कमी ठेवूनही अंधारातला फोटो दाणेदार का येतो?

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "आयएसओ ८०० च्या वर जाऊच दिला नाही, तरी फोटो दाणेदार." (आयएसओ म्हणजे कॅमेरा मिळालेला सिग्नल किती वाढवतो त्याचा आकडा.) कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो छान दिसलेला असतो. कम्प्युटरवर उघडला की जरा काळपट वाटतो, म्हणून एक्स्पोजरची पट्टी उजवीकडे सरकवली जाते. लगेच केसांत, कोटाच्या घड्यांत, मागच्या भिंतीवर जांभळे-हिरवे ठिपके उमटतात. मग पुढच्या वेळी आयएसओ आणखी खाली, ४०० वर. फोटो आणखी काळा, पट्टी आणखी उजवीकडे, ठिपके आणखी ठळक. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार आहे.

दाणे येतात कुठून

प्रकाश सेन्सरवर सलग धारेसारखा पडत नाही, पावसाच्या थेंबांसारखा सुटा सुटा पडतो. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील तर आकडा साधारण १०० ने इकडेतिकडे होतो, म्हणजे १ टक्का. डोळ्याला ते कळतही नाही. सावलीतल्या पिक्सेलच्या वाट्याला १०० च फोटॉन आले तर फरक १० चा पडतो, म्हणजे १० टक्के. मग एकाच रंगाच्या भिंतीवरचे शेजारशेजारचे पिक्सेल एक उजळ, एक काळा असे दिसू लागतात. हेच ते दाणे. हिशेब वर्गमुळाचा आहे: प्रकाश चौपट केला की दाणे निम्मे होतात.

या हिशेबात आयएसओ कुठेच नाही. सेन्सरवर किती प्रकाश पडणार हे दृश्यातला उजेड, अ‍ॅपर्चर (लेन्समधल्या छिद्राचा आकार) आणि शटर उघडं राहण्याचा वेळ या तीनच गोष्टी ठरवतात. गोळा झालेला सिग्नल नंतर किती पटीने वाढवायचा, एवढंच आयएसओ सांगतो. ३२०० वरचा फोटो दाणेदार दिसतो, कारण ३२०० ची गरज पडली तेव्हा उजेडच कमी होता.

पटत नसेल तर दहा मिनिटांचा प्रयोग करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, रॉ फाइल (सेन्सरचा मूळ, प्रक्रिया न केलेला डेटा). शटर १/६० सेकंद, एफ/२.८ (हा आकडा जेवढा लहान तेवढं छिद्र मोठं), आयएसओ ३२०० ला एक फोटो. बाकी काहीही न हलवता आयएसओ ८०० ला दुसरा. दुसऱ्याचं एक्स्पोजर सॉफ्टवेअरमध्ये २ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट) वाढवा आणि दोन्ही फोटो १०० टक्के झूमवर शेजारी ठेवा. अलीकडच्या बऱ्याच सेन्सरवर दोन्ही जवळपास सारखे दिसतील. जुन्या सेन्सरवर ८०० वाला उघड उघड वाईट दिसेल. सिग्नल सेन्सरमधून बाहेर काढून आकड्यांत बदलताना इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा नॉइज (दाणे आणणारा गोंगाट) त्यात मिसळतो. आधीच वाढवलेल्या सिग्नलपुढे तो किरकोळ ठरतो, पण नंतर वाढवलेल्या सिग्नलबरोबर तोही चौपट होतो. ८०० वाला फोटो ३२०० वाल्यापेक्षा स्वच्छ आला, असं मात्र होत नाही. त्याचा एकच फायदा, हायलाइटना (फोटोतल्या सर्वांत उजळ भागांना) २ स्टॉप जास्त जागा मिळते. रंगमंचावर स्पॉटलाइटमध्ये पांढऱ्या कपड्यातला कलाकार असेल तर तेवढ्यासाठी मुद्दाम कमी आयएसओ ठेवणं समजण्यासारखं आहे.

इथे एक गोम आहे. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोडमध्ये (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) आयएसओ कमी केला की कॅमेरा शटर हळू करतो, म्हणजे खरोखरच जास्त प्रकाश आत येतो आणि दाणे कमी होतात. "आयएसओ कमी म्हणजे फोटो स्वच्छ" हा समज तिथूनच रुजलेला आहे. मॅन्युअलमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर तुम्हीच बांधून ठेवलेले असतात. तिथे आयएसओ उतरवून प्रकाशात काडीचीही भर पडत नाही, फोटो फक्त काळा होतो.

ठिपके आधी नीट बघा

सगळा नॉइज एका जातीचा नसतो. १०० टक्के झूम करून तो कुठे आहे आणि कसा दिसतो ते बघा. सगळीकडे बारीक दाणे आणि सावलीत जास्त असतील, तर प्रकाश कमी पडला. रंगीत डाग असतील तर सावल्या खेचून उजळल्या आहेत, किंवा पिवळ्या दिव्याखाली निळ्या चॅनलची (निळ्या रंगाच्या नोंदीची) उपासमार झाली आहे. फक्त चार कोपरेच घाण असतील तर लेन्स करेक्शन तपासा. प्रत्येक फोटोत त्याच जागी लाल, निळे किंवा पांढरे टिंब असेल तर तो हॉट पिक्सेल, म्हणजे बिघडून चमकणारा पिक्सेल. आडवे-उभे पट्टे दिसत असतील तर कारण वेगळंच आहे, ते खाली दिलं आहे. आणि त्वचा मेणासारखी गुळगुळीत, केस शेवयांसारखे चिकटलेले असं दिसत असेल, तर तो नॉइज नाही. तो काढण्याच्या नादात कॅमेऱ्याने घातलेला गोंधळ आहे. जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने स्वतःच प्रक्रिया करून दिलेल्या फाइलमध्ये) हे फार होतं. कॅमेऱ्यातलं हाय आयएसओ नॉइज रिडक्शन लो वर आणा, किंवा सरळ रॉ काढा.

प्रकाश वाढवायचा तर कोणत्या क्रमाने

आधी अ‍ॅपर्चर. किटबरोबर येणारी १८-५५ लेन्स १८ ला एफ/३.५ उघडते, ५५ ला एफ/५.६. अंधाऱ्या खोलीत झूम करून चेहरा जवळ घेतला की त्या एका कृतीत प्रकाश अडीच पटीने घटला, आणि हे कॅमेरा ओरडून सांगत नाही. झूम १८ वर ठेवून दोन पावलं पुढे गेलेलं बरं, फक्त चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका, नाक मोठं दिसतं. ५० मिमी एफ/१.८ सारखी साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स एफ/५.६ च्या साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश देते. तुलनेसाठी, लहान एपीएस-सी सेन्सरवरून मोठ्या फुल फ्रेमवर गेल्यावर, तेच अ‍ॅपर्चर आणि तेच शटर असताना, मिळणारा फायदा क्षेत्रफळाच्या हिशेबाने सव्वादोन ते अडीच पट एवढाच असतो. त्यामुळे नॉइजला कंटाळून नवी बॉडी घ्यायचा विचार असेल तर आधी लेन्स बदला.

एफ/१.८ ला फोकसची पट्टी अगदी अरुंद होते. जवळून घेतलेल्या चेहऱ्यात एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येऊ शकतो. एका माणसासाठी एफ/२, दोघांसाठी एफ/२.८ आणि दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर, असं धरून चाला.

मग शटर. विषयाची हालचाल परवानगी देईल तेवढंच हळू. शांत बसलेल्या माणसाला १/६० पुरतं, बोलणाऱ्या-हसणाऱ्याला १/१२५ लागतं, नाचणाऱ्याला १/२५० ते १/५००. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्याची मान वळणं थांबवत नाही. ट्रायपॉडचंही तेच. रिकामी खोली, इमारत किंवा टेबलावरची वस्तू असेल तर मात्र ट्रायपॉड, आयएसओ १०० आणि दोन-चार सेकंदांचं शटर याला तोड नाही. हातात धरून १/३० किंवा १/१५ ला काढायचंच असेल तर तीन-चार फोटोंचा बर्स्ट मारा. पहिल्यात बटण दाबल्याचा हिसका असतो, मधले बरेचदा स्थिर येतात.

हे दोन्ही शेवटाला गेले की मगच आयएसओ, आणि मग हात आखडता घ्यायचा नाही. फोटो नीट उजळ यायला ६४०० लागत असेल तर ६४०० च लावा. ऑटो आयएसओ वापरत असाल तर मेनूत दोन आकडे तपासा: कमाल मर्यादा आणि किमान शटर स्पीड. बरेच जण भीतीपोटी कमाल १६०० ठेवतात आणि विसरतात. मर्यादा गाठली की मॅन्युअल मोडमध्ये कॅमेरा मुकाट्याने काळा फोटो देतो, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत मुकाट्याने शटर हळू करतो. माणसांच्या फोटोंसाठी कमाल ६४०० किंवा १२८००, किमान शटर १/१२५ ही चांगली सुरुवात आहे. मेनूत हाय-१, हाय-२ किंवा विस्तारित म्हणून दिलेले आयएसओ मात्र टाळा. तिथे सॉफ्टवेअरमध्ये होईल तेच आकड्यांचं गुणणं असतं, वर हायलाइटची जागा जाते.

स्क्रीनवर विश्वास ठेवू नका

अंधारात डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. त्या वेळी कॅमेऱ्याची स्क्रीन कंदिलासारखी उजळ दिसते आणि दीड स्टॉप काळा असलेला फोटोही झकास वाटतो. घरी आल्यावर खरं काय ते कळतं. स्क्रीनचा ब्राइटनेस ऑटोवरून काढून ठरावीक पातळीवर ठेवा आणि निर्णय हिस्टोग्राम (फोटोतल्या काळ्या ते पांढऱ्या पिक्सेलचा आलेख) बघून घ्या. आलेखाचा सगळा डोंगर डाव्या भिंतीला टेकला असेल तर फोटो काळा आहे, स्क्रीन काहीही म्हणो.

दुसरी फसगत मीटरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेची. चौकटीत दिवा, खिडकी किंवा उजळलेली पाटी असली की मीटर त्या उजेडाला घाबरतो आणि चेहरे काळे पडतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१.३ द्या. दिव्याचा गोळा पांढरा जळाला तर जळू द्या, त्यात बघण्यासारखं काही नसतं. चेहऱ्यावर किंवा पांढऱ्या कपड्यावर हायलाइट अलर्टची लुकलुक दिसायला लागली की थांबा. उलटी परिस्थितीही असते: पार्श्वभूमी पूर्ण काळी आणि चेहरा छोटासा. तिथे मीटर चेहरा जाळतो. तेव्हा -१ द्या, किंवा स्पॉट मीटरिंगने चेहऱ्यावरून वाचन घ्या.

मेनूत लपलेल्या चार गोष्टी

सगळं बरोबर करूनही दाणे जास्त वाटत असतील तर या सेटिंग तपासा. निकॉनमधलं अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननमधलं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर आणि सोनीमधलं डीआरओ जेपेगमधल्या सावल्या आपोआप उजळतात, म्हणजे तुम्ही न सांगता पट्टी उजवीकडे ओढतात. अंधारात हे बंद ठेवा. कॅननचं हायलाइट टोन प्रायॉरिटी चालू असेल तर आयएसओ १०० मिळतच नाही, यादी २०० पासून सुरू होते. हीच खूण. हायलाइट वाचवायला तो पर्याय आतून एक स्टॉप कमी सिग्नल नोंदवतो आणि सावल्या नंतर वर उचलतो.

तिसरी गोष्ट सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर. काही कॅमेऱ्यांत ते चालू केल्यावर रॉ फाइल १४ बिटऐवजी १२ बिटची होते आणि खोल सावल्यांत नॉइज वाढतो. आवाजाची अडचण नसेल तर मेकॅनिकल शटर वापरा.

चौथी लेन्सच्या कोपऱ्यांची. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला पुष्कळ लेन्सचे कोपरे मध्यापेक्षा २ स्टॉपपर्यंत काळे असतात. पेरिफेरल इल्युमिनेशन किंवा व्हिनेटिंग करेक्शन ते चौपट उजळून सरळ करतं. मध्य आयएसओ १६०० चा आणि कोपरे ६४०० चे, असा तो फोटो होतो. चेहरा मध्यभागी असेल तर करेक्शन बंद करा. काळे कोपरे रात्रीच्या फोटोला शोभतातही.

पिवळ्या दिव्याखालचा निळा चॅनल

२७०० केल्व्हिनच्या पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश फारच थोडा असतो. व्हाइट बॅलन्स ठीक करायला, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून, सॉफ्टवेअर निळा चॅनल लालपेक्षा कितीतरी जास्त पटीने वाढवतं, आणि त्यातले दाणेही. सावल्यांत निळे-जांभळे डाग दिसतात ते यामुळे. खात्री करायची असेल तर तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा. लाल मधोमध आणि निळा डावीकडे चिणलेला दिसेल.

उपाय मोजकेच. व्हाइट बॅलन्स पूर्ण पांढरा करण्याचा हट्ट सोडा आणि थोडा उबदारपणा राहू द्या. ३२०० ऐवजी ३८०० केल्व्हिनला फोटो थांबवला तर निळा कमी ताणला जातो, आणि दिव्याचा मूडही टिकतो. शक्य असेल तर ५००० केल्व्हिनच्या आसपासचा एखादा एलईडी छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवून लावा. अगदीच हाताबाहेर गेलेला फोटो कृष्णधवल करा. रूपांतर करताना निळ्याचा वाटा कमी आणि लालचा जास्त ठेवला की अर्धी घाण तिथेच जाते.

पट्टे, टिंबं आणि लांब एक्स्पोजर

५० हर्ट्झच्या विजेवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. १/५०० ला, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरवर, फोटोच्या एका पट्ट्याला दिवा उजळ सापडतो आणि दुसऱ्याला मंद. म्हणून ५० हर्ट्झच्या ठिकाणी १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या ठिकाणी १/६० किंवा १/१२५ ठेवा. अँटी-फ्लिकर पर्याय असेल तर चालू करा. हे दाणे नाहीत, त्यामुळे डीनॉइज (दाणे काढणारी प्रक्रिया) मारून पट्टे जात नाहीत.

दुसऱ्या जातीचे पट्टे बारीक आणि नियमित असतात, आणि सावल्या ३-४ स्टॉप उचलल्यावरच दिसतात. तो सेन्सरच्या ओळींचा ठरलेला साचा असतो. डोळ्याला विस्कळीत दाणे चालतात, शिस्तीत उभ्या रेषा मात्र लगेच खुपतात. इलाज एकच: काढतानाच एवढा काळा फोटो काढू नका.

शटर काही सेकंदांच्या पुढे गेलं की सेन्सरची उष्णता रंगात येते. तापमान साधारण ६ ते ८ अंश सेल्सिअस वाढलं की उष्णतेचा सिग्नल दुप्पट होतो. तासभर लाइव्ह व्ह्यू किंवा व्हिडिओ चालवून लगेच ३० सेकंदांचा फोटो घेतला तर टिंबांची रांगोळी मिळते. मध्ये दहा मिनिटं कॅमेरा बंद ठेवा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर कॅमेरा ३० सेकंदांच्या फोटोनंतर शटर मिटून आणखी ३० सेकंदांचा काळा फोटो घेतो आणि त्यातली टिंबं मूळ फोटोतून वजा करतो. "कॅमेरा अडकला" असं वाटून बॅटरी काढू नका, फाइल जाते. स्टार ट्रेल काढताना मात्र हे बंदच ठेवा, नाहीतर ताऱ्यांच्या रेषा तुटक येतात. त्याऐवजी शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओ आणि शटरला आठ-दहा काळे फोटो घ्या आणि स्टॅकिंगच्या वेळी वजा करा. कायमच्या टिंबांसाठी मेनूत पिक्सेल मॅपिंग शोधा. ऑलिंपसमध्ये ते पूर्वीपासून आहे.

विषय हलत नसेल तर स्टॅकिंग

फोनचा नाइट मोड जे करतो तेच हाताने करता येतं. एकाच सेटिंगला अनेक फोटो घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. दाणे दर फोटोत वेगळ्या जागी असतात, दृश्य तेच असतं. ४ फोटोंत नॉइज निम्मा, ९ मध्ये एक तृतीयांश, १६ मध्ये पाव. त्यापुढे श्रम वाढतात आणि फायदा रोडावतो. ट्रायपॉड नसताना, आयएसओ ३२००, १/३० ला घेतलेले १६ फोटो एकत्र केले की अर्ध्या सेकंदाहून थोड्या जास्त एक्स्पोजरएवढा प्रकाश जमतो.

मॅन्युअल मोड, फोकस एकदा मिळवून मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स ठरावीक, मग बर्स्ट. हातात धरून काढले तरी चालतात. किंबहुना चौकट किंचित सरकली तर सेन्सरचा ठरलेला साचाही सरासरीत विरघळतो, ट्रायपॉडवर तो जिथल्या तिथे राहतो. फोटोशॉपमध्ये सगळे फोटो लेयर म्हणून उघडा, ऑटो अलाइन लेयर्स चालवा, स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि स्टॅक मोड मीन निवडा. मध्येच कोणी चालत गेलं असेल तर मीनऐवजी मीडियन घ्या, माणूस नाहीसा होतो. मीडियनमध्ये दाणे मीनपेक्षा किंचित जास्त उरतात. स्टॅक मोड नसलेल्या प्रोग्रॅममध्ये लेयरची ऑपॅसिटी खालून वर १००, ५०, ३३, २५ टक्के अशी द्या. खालचा १०० ठेवून वरच्या सगळ्यांना सरसकट २५ टक्के देणं ही नेहमीची चूक आहे, त्यात खालचा लेयरच वरचढ राहतो.

सॉफ्टवेअरमध्ये काय आणि किती

पहिली पट्टी नेहमी रंगाची. रंगीत नॉइज काढला तरी तपशील फारसा जात नाही, कारण डोळा बारकावे उजेड-अंधारावरून ओळखतो. लाइटरूममध्ये रॉ फाइलला कलर २५ आपोआप लागतो. डाग मोठे असतील तर ४० ते ५० करा. त्यापुढे ओठांचा रंग गालांवर पसरू लागतो. ल्युमिनन्सची (उजेड-अंधाराच्या दाण्यांची) पट्टी २० ते ३५ च्या दरम्यान थांबवा. थोडे दाणे राहिले तर राहू द्या, प्लॅस्टिकच्या चेहऱ्यापेक्षा ते बरे.

शार्पनिंग विसरू नका. ते दाण्यांनाही धार लावतं. मास्किंगची पट्टी ऑल्ट दाबून ओढा. पांढऱ्या दिसतील त्याच कडांवर शार्पनिंग होईल. पार्श्वभूमी आणि गाल काळे होईपर्यंत, बहुधा ६० ते ८० पर्यंत ओढावं लागतं. क्लॅरिटी, टेक्स्चर आणि डीहेझ हेही दाणे वर आणतात. ते पूर्ण फोटोला न लावता डोळ्यांपुरते, कपड्यापुरते लावा.

एआय डीनॉइज ताकदीचं आहे यात वाद नाही. ते संपादनाच्या सुरुवातीला, मूळ रॉ वर चालवा. आधीच दाबून गुळगुळीत केलेल्या जेपेगमध्ये त्याला खरा तपशील सापडत नाही. पूर्ण ताकदीवर चालवल्यावर दूरचे छोटे चेहरे, पाटीवरची अक्षरं आणि कापडाची वीण १०० टक्क्यांवर तपासा. तिथे ते मनचं भरतं. मागच्या रांगेतल्या माणसाला तिसरीच भुवई फुटलेली दिसली तर मात्रा ३०-४० वर आणा.

आणि हे सगळं करण्याआधी फोटो कुठे बघितला जाणार आहे ते ठरवा. २४ मेगापिक्सेलचा ६००० × ४००० फोटो २००० × १३३३ ला छोटा केला की ९ पिक्सेल मिळून १ होतो आणि नॉइज आपोआप एक तृतीयांशावर येतो. १०० टक्के झूमवर जे दाणे बघून तासभर पट्ट्या ओढल्या जातात, त्यातले बरेचसे या एका आकारबदलात गायब झालेले असतात. आधी छोट्या आकारात एक्स्पोर्ट करून बघा, मग उरलेल्यावर काम करा.